जिन्यातला लाल दिवा

फिरकीताईची यंत्रं बघायला एकदा उभं राहिलं की हातातली पिशवी खाली ठेवावीच लागे. लोखंडाची गोल थाळी, थाळीत आठाच्या आकड्यासारखी वळणं घेत गेलेली खाच, आणि त्या खाचेतून सुताच्या फिरक्या पळताहेत. अर्ध्या उजवीकडून निघालेल्या, अर्ध्या डावीकडून. आता आपटल्या एकमेकींवर, असं वाटतं न वाटतं तोच एक अंग चोरून आत शिरते, दुसरी तिला वळसा घालून बाहेर पडते, आणि त्या सगळ्या धावपळीच्या मधोमध बुटाची नाडी आपली शांतपणे वर चढत राहते. तिला ना घाई, ना कुणाशी भांडण.

सकाळी पहिल्या यंत्राचा दांडा ओढताना ताई गुणगुणायची:

एक गेली पुढे बाई, दुसरी तिच्या मागे
तिसरीने वाट दिली, तेव्हा जुळले धागे

सूत तुटलं की यंत्र आपोआप थांबायचं. ताई दोन बोटांत दोन टोकं धरायची, गाठ मारायची, दांडा ओढायची, की पुन्हा खटखट-खुटुक, खटखट-खुटुक सुरू. सासूबाईंनी एका यंत्रावर मांडलेला हा संसार आता चार यंत्रांचा झाला होता. तळमजल्यावर पुढे कारखाना, मागे स्वयंपाकघर आणि निजायची खोली. वर इतरांची बिऱ्हाडं. शेजारच्या गाळ्यात एक जण छत्र्यांच्या काड्या वाकवायचा, समोर दोघं भावंडं चष्म्याच्या फ्रेमा घासायची. कोपऱ्यावरच्या शाळेतल्या पोरांच्या बुटांपासून दवाखान्यातल्या कपड्यांच्या बंदांपर्यंत सगळं ताईकडे विणलं जायचं. सकाळी कुणी रंग सांगून गेला, तर संध्याकाळी नाडी घेऊन जायचा. सुताच्या फिरक्यांमुळे तिला फिरकीताई म्हणत, की येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवण्याच्या सवयीमुळे, हे आता कुणालाच आठवत नव्हतं.

आणि मग महापालिकेने शहर नव्याने मांडायला घेतलं.

बेत वाईट नव्हता. माणसं राहतात तिथेच त्यांच्या वापरातल्या चार वस्तू बनाव्यात, कारखाना म्हटला की उचलून शहराबाहेर फेकू नये, असं नव्या मंडळींच्या मनात होतं. अट एकच, वरच्या-शेजारच्या माणसांची हरकत नको. त्यासाठी जिन्याच्या पहिल्या वळणावर एक छोटी पेटी बसली. पेटीला एक बटण, बटणावर एक दिवा. हरकती नसल्या तर दिवा हिरवा, थोड्या जमल्या तर पिवळा, फार झाल्या तर लाल. महिनाअखेरीस दिवा लाल असला, तर कारखान्याने बाडबिस्तरा उचलायचा आणि शहराबाहेरच्या वसाहतीत जायचं.

तिथे गाळा मिळाला असता. मोठा, उजेडाचा, वर पत्रा. पण दुपारी दारातून डोकावून "काय गं, जेवलीस का?" असं तिथे कोण विचारणार होतं?

आणखी एक अट होती आणि तीच ताईच्या जिवावर आली. महिनाभर मालकाने रहिवाशांशी त्या पेटीबद्दल अक्षरही बोलायचं नाही. लोकांवर दडपण नको. ज्या बाईची जीभ यंत्राच्या वरताण चालायची, तिने त्या अटीखाली सही केली आणि ओठ शिवून घरी आली.

"तू, आणि महिनाभर गप्प?" नवरा म्हणाला. तो शहराच्या बसवर चालक होता. "हे मला आधी कळलं असतं तर मीच असली पेटी लावून घेतली असती."

"हसा. वसाहतीत जायची वेळ आली की डबा कोण देतं ते बघते."

पहिल्याच दिवशी तिने यंत्रांच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे सरकवले. वेग निम्म्यावर आणला. दुपारभर यंत्रं बंद ठेवायची, असं ठरवून टाकलं. दिवेलागणीला तर कारखान्यात चिटपाखरू नाही. आता कुणाच्या बापाची हरकत असणार आहे, असं म्हणत ती त्या संध्याकाळी जिन्यापाशी गेली आणि वर बघून जागच्या जागी थबकली. दिवा पिवळा.

एवढं अंग चोरून वागायचं, आणि तरी बटण दाबायचं? कोण असेल?

पहिला संशय गेला नानांवर. नाना म्हणजे पहिल्या मजल्यावरचे, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले आजोबा. मागच्या अंगाच्या खोल्यांत मुलगा, सून आणि दुपट्यातला नातू यांच्यासोबत राहायचे. ताईची आणि त्यांची जुगलबंदी अख्ख्या इमारतीची करमणूक होती. पण आता नाना दारात येऊन उभे राहिले आणि भुवया वर करून यंत्रांकडे बघायला लागले, की तिला त्यात काहीतरी वेगळंच दिसायचं.

"काय फिरकी, आज गप्पशी?"

"काम आहे नाना."

"काम आहे, पण आवाज नाही तो?"

टोमणा मारताहेत, असं तिने मनात धरलं आणि मान खाली घातली.

वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई जिना उतरताना थांबल्या. "बरं आहे ना सगळं?" त्यांनी विचारलं. त्यांच्याकडे पोरं गणिताला यायची. "बरं आहे," ताई म्हणाली. त्याही त्यांतल्याच, असं तिला वाटलं. नानांची सून बाळाला कडेवर घेऊन आली, बंद यंत्रांकडे बघत राहिली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ताईचा चेहरा बघून तशीच वर गेली. ही पण.

रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "यंत्रं आणखी कमी चालवते. दोनच."

"अगं, जेवढं कमी चालवतेस तेवढा दिवा भडकतोय."

"म्हणजे अजून आवाज येत असेल त्यांना."

"मग चौथं यंत्र आपण उशीखाली घेऊन झोपू."

तिला हसू आलं नाही. नवऱ्याच्या विनोदाला आपण हसलो नाही, हे लक्षात आल्यावर मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कूस बदलली. त्याने मग पांघरूण तिच्या खांद्यापर्यंत ओढून दिलं.

महिना सरत आला तेव्हा तिने यंत्रं पूर्ण बंद केली. विणून ठेवलेल्या नाड्यांच्या जोड्या लावायच्या, टोकं गरम करून दाबायची, एवढंच हातातलं काम घेऊन बसली. कारखान्यात इतकी शांतता होती, की नळाचा थेंब पडला तर दचकायला व्हायचं. त्या दिवशी दुपारपर्यंत जिन्यातला दिवा लालबुंद झाला.

आणि दुसऱ्या सकाळी महापालिकेची इंजिनीअरबाई दारात हजर. तरुण होती, केस वर बांधलेले, पाठीवर पिशवी. "मी पेटीसाठी आले," ती जरा चाचरत म्हणाली. "दिवा लाल आहे. मला वाईट वाटतं, पण..."

फिरकीताई उठली. महिनाभराचा बांध तिला आता धरवेना. पदर खोचला, सरळ जिन्याच्या पायथ्याशी गेली आणि वर तोंड करून हाक दिली.

"नाना, खाली या. आणि बाकीच्यांनाही यायला सांगा. मला जायचंच आहे, तर तोंड उघडून जाते."

दारं उघडली. नाना चष्मा सारखा करत आले, मागून सून, वरून शिकवणीच्या बाई. नवरा कामावर निघायच्या तयारीत होता, तोही गणवेशाची गुंडी लावत बाहेर आला.

"नाना, खरं सांगा. ते बटण तुम्ही दाबलंत?"

"दाबलं की."

इतकं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. "एकदा?"

"एकदा कशाला? रोज दाबतो. कुणी येतंय का बघतो, आणि पुन्हा दाबतो. तुमच्या महापालिकेत सगळे बहिरे आहेत का हो?" हे इंजिनीअरबाईला.

"अहो, मी तुमचं काय वाईट केलं होतं?" ताईने विचारलं. "रबर घातलं, वेग कमी केला, दुपारचं बंद ठेवलं. काल तर एक चाकसुद्धा फिरवलं नाही. तरी दाबलंत?"

"काल तर जास्तच दाबलं. अंगठा दुखतोय माझा."

"पण का?"

नाना तिच्याकडे बघत राहिले, पोरीला साधी गोष्ट कळू नये याचं नवल करत. "का म्हणजे? तुझी यंत्रं बिघडली म्हणून. तो पेटी बसवणारा म्हणाला होता, आवाजाचं काही असलं तर दाबा, आमचं माणूस येऊन बघेल. तुझा आवाज आधी निम्मा झाला, मग दुपारचा गेला, मग सगळाच गेला. तुला विचारावं तर तू तुसडेपणाने 'काम आहे' म्हणतेस. म्हटलं, हिच्याजवळ दुरुस्तीची सोय नसेल, सांगायला लाजत असेल. महापालिका माणूस पाठवतेच आहे, तर पाठवू दे."



"मीपण त्यासाठीच दाबलं," शिकवणीच्या बाई हळूच म्हणाल्या. "पोरं तुमच्या ठेक्यावर पाढे म्हणतात हो. ठेका बंद झाला, आणि सगळा वर्ग सातच्या पाढ्यात जाऊन रुतला. मला वाटलं, एक यंत्र गेलं असेल."

"आणि मी बाळासाठी," सून म्हणाली. "हा त्या आवाजाशिवाय डोळा मिटत नाही. तुम्हाला सांगायला आले होते, पण तुम्ही असं बघितलंत, मला वाटलं आजारी आहात. म्हणून आणखी दोनदा दाबलं."

नवऱ्याने तोंडावर हात धरला. पण हसू बोटांमधून बाहेर पडलंच, आणि मग ते जिनाभर पसरलं. इंजिनीअरबाई पायरीवर बसली. "म्हणजे आवाज नाही, ही आवाजाची तक्रार," ती म्हणाली, आणि कपाळावर हात मारून घेतला. "आम्ही आतापर्यंत बटणं मोजत बसलो. आणि वरून तुमचं तोंड बंद केलं, ते आणखी."

"हिचं तोंड बंद करणारी पहिली माणसं तुम्ही," नवरा म्हणाला. "सत्कार करायला हवा."

ताई एका डोळ्याने हसत होती, एका डोळ्याने रडत होती. नानांच्या खांद्यावर तिने एक चापट मारली. "महिनाभर मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले, माहीत आहे?"

"मोठ्याने बोलली असतीस तर अंगठा वाचला असता."

"मी मात्र खरंच आवाजासाठी दाबलं."

आवाज वरून आला होता. पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूच्या खोलीत नव्याने राहायला आलेली सिस्टर कठड्याला धरून उभी होती. दवाखान्यात रात्रपाळी करायची ती. आत्ताच ड्यूटीवरून आली असावी. अंगावर अजून पांढरे कपडे, डोळे सुजलेले. हसणं एकदम आटलं.

"मला बोलायला अवघड वाटतं," ती म्हणाली. "तुम्ही सगळे इतके जवळचे. पण मी सकाळी येऊन झोपते, आणि पलंग हलतो. निम्म्या वेगातही हलतो. म्हणून यंत्रं चालू असायची तोवर रोज झोपायच्या आधी एकदा दाबायचे. बाकीचे माझ्यासारखेच दाबत असतील, असं वाटायचं मला."

कुणीतरी घसा खाकरला. नाना तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने त्यांना हाताने थांबवलं. महिनाभर कुणी समोर येऊन हरकत सांगितली नाही म्हणून तिचा जीव जळत होता. आणि तिच्याच डोक्यावर राहणाऱ्या पोरीला तरी तिने कुठे विचारलं होतं?

"अहो, चारही यंत्रं लावा," ती नवऱ्याला म्हणाली. "पूर्ण वेगात. सिस्टर, मला तुझ्या खोलीत घेऊन चल."

खोलीत पलंग, एक खुर्ची, खिडकीला जाड पडदा, स्टुलावर पाण्याचा पेला. ताई पलंगावर आडवी झाली. खालून खटखट-खुटुक सुरू झालं आणि ते पलंगाच्या पायांतून, गादीतून, तिच्या पाठीतून थेट दातांपर्यंत आलं. पेल्यातलं पाणी थरथरत होतं. इतकी वर्षं ती या आवाजाच्या पोटात राहिली होती, पण त्याच्या पाठीवर कधी झोपली नव्हती.

"अगं बाई," ती उठून बसत म्हणाली. "तू बटण दाबलंस? मी असते तर पेटीच उपटून खाली फेकली असती."

सिस्टर हसली. तिच्या गालाला खळी पडते, हे इमारतीत त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दारात सून उभी होती, आणि तिच्या खांद्यावर बाळ. आत्तापर्यंत किरकिरत असलेलं. त्याची मान हळूहळू कलली, मूठ सैल झाली, आणि सगळ्यांच्या देखत ते गाढ झोपलं. सुनेने बाळाकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, मग जिन्यापलीकडच्या आपल्या दाराकडे पाहिलं.

"आमच्या मागच्या खोलीत काहीच ऐकू येत नाही, याला झोपवायला मला जिन्यात येऊन बसावं लागायचं," ती म्हणाली. "खाली तर ताईंचं स्वयंपाकघर. तिथे सिस्टर झोपली, आणि इथे आम्ही बाळाला घेऊन आलो तर? खोल्या सारख्याच आहेत."

"आणि माझे खिळे?" नाना दचकून म्हणाले. त्या खोलीच्या भिंतीवर त्यांची जुनी घड्याळं टांगलेली होती. "एकेक खिळा पातळी लावून ठोकलाय मी."

"मग पुन्हा ठोका," ताई म्हणाली. "तसंही दिवसभर काय करता?"

"बघा, हिच्यासाठी मी अंगठा झिजवला, आणि ही मला असं बोलते."

इंजिनीअरबाई मागून बोलली. ज्याने हरकत घेतली त्यानेच मागे घेतली तर ती धरायची नाही, असा नियम होता. बटण एकदा दाबून धरून ठेवलं की आपली एक हरकत पुसली जाते. हे ऐकल्यावर जिन्यात रांग लागली. शिकवणीच्या बाईंनी दाबलं, सुनेने बाळाला न उठवता दाबलं, आणि नानांना इतक्यांदा दाबावं लागलं की शेवटी अंगठा सोडून त्यांनी कोपर वापरलं. दिवा लालाचा पिवळा झाला.

"माझी मी उद्या पुसेन," सिस्टर प्रामाणिकपणे म्हणाली. "एकदा झोपून बघते आधी."

"पिवळ्यावरही परवाना मिळतो," इंजिनीअरबाई म्हणाली. "मी आजच लिहून देऊ शकते."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. हातात आलेलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नको," ताई म्हणाली. "आधी ती झोपू दे."

मग दुपारपर्यंत जी धांदल उडाली ती काय वर्णावी. कपाट दारात अडकलं, ते काढायला छत्रीवाला आणि समोरची भावंडं आली. इंजिनीअरबाईने बाह्या दुमडल्या आणि पलंगाचा एक पाय धरला. नानांनी घड्याळं छातीशी धरून, एकेक करून, लेकरासारखी नेली, आणि नव्या भिंतीवर पहिला खिळा वाकडा ठोकला. खाली चारही यंत्रं पूर्ण वेगात पळत होती. इतकं सगळं होऊनही कुणाचा आवाज चढत नव्हता, कारण पलीकडच्या खोलीत, पडदे ओढून, सिस्टर झोपायला गेली होती. यंत्रांनी धडधडायचं आणि माणसांनी कुजबुजायचं, असा तो दिवस होता. नवरा उशिराने कामावर गेला, आणि जाताना चपला हातात घेऊन जिना उतरला.

ऊन कललं तरी सिस्टरचं दार बंद होतं. ताई दांडा ओढे, गाठ मारी, आणि कान वर लावी. इंजिनीअरबाई घरी जायचं सोडून कारखान्यातच बसली होती, आणि ताईने तिला जोड्या लावायला शिकवलं होतं. तिच्या अर्ध्याअधिक जोड्या विजोड होत होत्या.

"झोपली असेल का?" ताईने विचारलं.

"तुम्ही हे मघापासून विचारताय."

"आणि तू मघापासून लाल नाडीला तपकिरी जोडते आहेस."

तेवढ्यात वर दार वाजलं. जिन्यावर अनवाणी पावलं. ताईने पटकन एक यंत्र थांबवलं, मग स्वतःवरच चिडून पुन्हा सुरू केलं. पावलं पहिल्या वळणापाशी थांबली. बराच वेळ थांबली. मग सिस्टर दारात आली. गालावर चादरीच्या सुरकुत्या उमटलेल्या, केस अस्ताव्यस्त, चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत झोपेने भिजलेला.

"लागली?" ताईने विचारलं. तिचा हात दांड्यावर घट्ट आवळला होता.

"मेल्यासारखी," सिस्टर म्हणाली. "उठले तेव्हा मी कुठे आहे तेच कळेना. दिवा हिरवा करूनच खाली आले."

ताईने मान हलवली, पुष्कळ वेळा, आणि पदराने डोळे पुसले. इंजिनीअरबाईने पिशवी जवळ ओढली आणि परवाना लिहायला घेतला.

"पण एक तक्रार आहे," सिस्टर म्हणाली.

"बोल ना."

"माझी उशी जुन्या खोलीत राहिली. त्यावर बाळ झोपलंय, आणि नाना दारात खुर्ची टाकून बसलेत. आत पाऊल टाकू देत नाहीत. ही तक्रार आता कुठे करायची?"

"अगं, समोर उभी आहेस ना माझ्या," फिरकीताई म्हणाली. "इथेच कर." आणि वर तोंड करून, यंत्रांच्याही वर आवाज चढवून, तिने महिन्याभराने नानांना अशी एक अस्सल हाक दिली, की शेजारच्या गाळ्यातल्या छत्रीवाल्याचा हात कामावरच थांबला आणि तो समाधानाने हसला.